डिमेन्शियाच्या रुग्णासाठी केंद्र निवडताना आधी रात्रपाळी बघा

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आई-वडिलांसाठी, सासूबाईंसाठी किंवा एकट्या राहणाऱ्या आत्यासाठी निवासी केंद्र शोधायची वेळ आली की बहुतेक घरची माणसं सकाळी अकराच्या सुमाराला केंद्र बघायला जातात. तेव्हा लाद्या पुसून झालेल्या असतात, आंघोळी उरकलेल्या असतात, हॉलमध्ये भजन किंवा चेंडूचा खेळ चालू असतो आणि मॅनेजर जागेवर असतात. सकाळी अकराला जवळजवळ प्रत्येक केंद्र चांगलंच दिसतं. या आजाराचा खरा जोर असतो तो दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत. त्यामुळे रात्री दोन वाजता तिथे किती माणसं जागी असतात, हे कळल्याशिवाय बाग, रंगकाम आणि माहितीपत्रक यांना फारशी किंमत देऊ नये.

पण केंद्रांच्या फेऱ्या मारण्याआधी घरी करायचं थोडं काम आहे.

आजार कोणता आणि किती पुढे गेलेला

पहिली गोष्ट, निदान कागदावर हवं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्त, मेंदूतल्या पाण्याचं प्रमाण वाढणं, या सगळ्यांत विस्मरण होतं आणि यांवर उपचार आहेत. रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा स्कॅन झाला नसेल तर आधी तो करून घ्या.

दुसरी गोष्ट, चार-पाच दिवसांत एकदम बिघडलेल्या माणसावरून केंद्राचा निर्णय घेऊ नका. कालपर्यंत जेवणारी-बोलणारी आजी आज कोणाला ओळखत नाही, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, दिवसा झोपते आणि रात्रभर ओरडते, तर ती बहुधा डिमेन्शियाची पुढची पायरी नसते. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, रक्तातलं घटलेलं सोडियम, न्यूमोनिया किंवा नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी यांमुळे असा गोंधळ उडतो. त्याला डिलिरियम म्हणतात. कारण सापडून उपचार झाले की तो बराचसा ओसरतो, पण त्याला कधी कधी काही आठवडे लागतात. या काळात घाबरून 'आता जमणार नाही' म्हणत जी केंद्रं निवडली जातात, ती गरजेपेक्षा जास्त बंदिस्त असतात.

तिसरी गोष्ट, डिमेन्शियाचा प्रकार विचारून घ्या. सगळंच अल्झायमर नसतं. लेवी बॉडी प्रकार असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी रुग्ण ताठरतो, गिळता येत नाही, जिवावर बेतू शकतं. रात्री रुग्ण भडकला की हेच औषध देण्याची सवय अनेक ठिकाणी असते. हा प्रकार असेल किंवा नुसती शंका असेल, तरी फाईलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत तसं लिहून द्या आणि रात्रीच्या सिस्टरला तोंडीही सांगा.

मग सहा कामांची यादी करा: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येकापुढे 'स्वतः', 'आठवण करून द्यावी लागते' किंवा 'पूर्ण मदत' असं लिहा. आंघोळ साधारण पहिल्यांदा सुटते, स्वतः जेवणं बहुधा सगळ्यांत शेवटी. ही यादी हातात असली की केंद्रवाल्यांचं 'होईल हो, आम्ही बघतो' पुरेसं वाटत नाही. शिवाय यादी दोन वर्षांनी कशी दिसेल याचाही विचार त्यात येतो. आज चालता-फिरता माणूस उद्या अंथरुणाला खिळेल तेव्हा हेच केंद्र त्यांना ठेवणार का, की 'आता घेऊन जा' म्हणणार? नळीने अन्न, कॅथेटर (लघवीची नळी), झोपून राहून झालेली पाठीची जखम, मारहाण करणारा स्वभाव, यांपैकी कशावर ते रुग्ण परत पाठवतात, हे लेखी विचारा. सर्वांत वाईट अवस्थेत असलेल्या माणसाला नवीन जागी हलवणं हे पहिल्या प्रवेशापेक्षा जड जातं.

पाटीवर काय लिहिलंय, यावर जाऊ नका

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिककडे चार वेगवेगळ्या गोष्टी साधारण सारख्याच नावांनी चालतात. वृद्धाश्रम हा बहुधा ट्रस्टचा असतो आणि स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी असतो. डिमेन्शियाचा रुग्ण तिथे घेत नाहीत, किंवा घेतलाच तर दारातून दोनदा बाहेर गेल्यावर मुलांना फोन येतो. ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प म्हणजे फ्लॅट. त्यांच्यासाठी महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये रॅम्प, लिफ्ट, रुंद दारं वगैरेंबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण त्यातून माणूस सांभाळणारी मावशी मिळत नाही, ती माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून आपणच लावायची. तिसरा प्रकार म्हणजे झोपून असलेल्यांची केंद्रं: अर्धांगवायू, मोडलेलं खुब्याचं हाड, ट्यूब, कॅथेटर. कूस बदलणं, ड्रेसिंग यांत ही मंडळी तयार असतात, पण चालता-फिरता विस्मरणाचा रुग्ण तिथे गेला की त्यालाही पलंगावरच ठेवतात आणि दोन महिन्यांत त्याचे पाय जातात. चौथा प्रकार खास डिमेन्शियाच्या रुग्णांसाठीचा. 'असिस्टेड लिव्हिंग' आणि 'मेमरी केअर' हे शब्द मात्र चारही ठिकाणच्या पाट्यांवर दिसतील.

'मेमरी केअर' असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. म्हणून केंद्र नेमकं कोणत्या नोंदणीवर चालतं, ते विचारायचं. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, शुश्रूषागृह असेल तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधली मानसिक आजाराची व्याख्या स्मृतीच्या गंभीर बिघाडालाही लागू होते, त्यामुळे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, आणि नसेल तर का नाही, हाही प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना माणूस चिडला तर तेही उत्तरच.

एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: जागा कोणाची? पुष्कळ केंद्रं भाड्याच्या बंगल्यात चालतात आणि करार अकरा महिन्यांचा असतो. मालकाने बंगला पुनर्विकासाला दिला की पंधरा-वीस रुग्ण एका आठवड्यात दुसऱ्या उपनगरात. करार किती वर्षांचा आहे आणि याआधी केंद्र कितीदा हललंय, एवढं विचारून ठेवावं.

रात्र

'आमच्याकडे चोवीस तास स्टाफ असतो' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, रात्रीची वेगळी पाळी आहे आणि ती माणसं जागी असतात. दोन, मावशा तिथेच राहतात, दिवसभर काम करतात आणि रात्री रुग्णांच्या खोलीत चटई टाकून झोपतात. दुसरा प्रकार स्वस्त पडतो म्हणून फार आढळतो. दिवसभर राबलेली बाई रात्री दोनला उठून आजोबांना संडासला नेईल अशी अपेक्षा करणं तिच्यावरही अन्याय आहे. ती काय करते? संध्याकाळी सगळ्यांना डायपर बांधते, साडेआठला दिवे मालवते आणि डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून घेते. बाहेरून सगळं शांत दिसतं.

म्हणून सरळ विचारा: पाळी कधी बदलते, रात्री कोण कोण असतं, त्यांतले जागे किती, त्यांत शिकलेली सिस्टर आहे का, की सगळ्या मावशा आणि मामाच? हजेरीचं रजिस्टर किंवा महिन्याचा ड्युटी चार्ट दाखवायला सांगा. चालते-फिरते रुग्ण असतील तर रात्री आठ जणांमागे एक जागा माणूस यापेक्षा विरळ गणित मला पटत नाही, आणि दोन मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक हवाच, कारण वरच्या मजल्यावर कोणी पडलं तर खालच्याला ऐकू येत नाही.

याला जोडून सणांचा प्रश्न. गणपतीत कोकणातल्या मावशा गावी जातात, छठला बिहार-झारखंडची मुलं जातात, होळीला पुन्हा. त्या पंधरवड्यात पाळी कोण भरतं? ब्यूरोतून आलेली नवी माणसं असतील तर त्यांना रुग्णांच्या सवयी ठाऊक नसतात, आणि पडणं, चुकीची गोळी जाणं, दारातून निसटणं हे याच दिवसांत जास्त होतं. शक्य असेल तर केंद्र बघायला एखाद्या सणाच्या आठवड्यातच जा.

पहिली भेट ठरवून, दुसरी न सांगता, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. अंधारून येताना अनेक रुग्णांची घालमेल सुरू होते. येरझाऱ्या, दार वाजवणं, 'मला घरी जायचंय'. अंधार पडण्याआधी दिवे लागतात का, काळोख्या खिडकीच्या काचेत दिसणारं स्वतःचंच प्रतिबिंब बघून कोणी घाबरू नये म्हणून पडदे ओढतात का, टीव्हीवर मालिकेतली भांडणं मोठ्या आवाजात चालू आहेत का, हे बघा. आणि 'घरी जायचंय'ला काय उत्तर मिळतं ते नीट ऐका. 'कुठलं घर? अंगणात काय काय होतं?' म्हणत बरोबर चार पावलं चालणारी मावशी असेल तर त्या केंद्रात शिकवणारं कोणीतरी आहे. 'हेच तुमचं घर, बसा गप' ऐकू आलं तर मॅनेजरने सकाळी कितीही गोड सांगितलेलं असो, ते विसरा.

भाषेचंही इथेच बघावं. हा आजार वाढत जातो तशी नंतर शिकलेली भाषा आधी सुटते. आयुष्यभर बँकेत इंग्रजी-हिंदी बोललेले काका शेवटी मालवणीत किंवा वऱ्हाडीत पाणी मागतात. रात्रपाळीला निदान एक तरी मराठी कळणारा माणूस असायला हवा, नाहीतर 'तहान लागली' याचं रूपांतर 'रात्री त्रास देतात' यात होतं आणि त्रासावर औषध लिहिलं जातं.

मोरी, दार, जिना

संडास-बाथरूम स्वतः उघडून बघा. कमोडची उंची जमिनीपासून साधारण १७ ते १९ इंच, दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के बसवलेले दांडे (टॉवेल अडकवायच्या नळ्यांसारखे नव्हेत, धरून लोंबकळलं तरी न निघणारे), ओली झाली तरी न घसरणारी लादी, आतून लावता येणारी कडी काढलेली. पांढरी लादी, पांढरा कमोड, पांढरी सीट असेल तर अंदाज न आल्याने रुग्ण बाजूला बसतो आणि पडतो. गडद रंगाची सीट हा शे-पाचशेचा उपाय आहे. जन्मभर भारतीय संडास वापरलेल्या माणसाला कमोड ओळखू येत नाही, तो मोरीत किंवा कोपऱ्यात लघवी करतो. जाणकार मावशी त्यावर रागावत नाही, दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर स्वतःहून घेऊन जाते. पहिल्याच दिवसापासून प्रत्येकाला डायपर हे माणसं कमी असल्याचं लक्षण समजावं.

आंघोळीचंही तसंच. डोक्यावरून शॉवरचं पाणी आलं की अनेक रुग्ण घाबरून मारायला उठतात. स्टुलावर बसवून, आधी पायांवर तांब्याने कोमट पाणी घालत, अंगावर टॉवेल ठेवून घातलेली आंघोळ शांत होते, पण तिला पाच मिनिटांऐवजी वीस लागतात. 'आंघोळ कोण, कधी, कशी घालतं' या एका प्रश्नावरून मनुष्यबळाचा अंदाज येतो.

बाहेरचं फाटक आणि गच्चीचं दार बंद राहतं का बघा. सगळंच कुलूपबंद असेल तर दुसरा धोका, आगीचा. किल्ली रात्री कोणाच्या कमरेला असते? महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला बी-फॉर्म म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ताजं प्रमाणपत्र मागा. दुसऱ्या मजल्यावरच्या झोपून असलेल्या चार जणांना जिन्याने खाली कसं आणणार, हेही विचारा. 'लिफ्टने' हे उत्तर चुकीचं आहे.

ताट आणि गोळ्या

जेवणाच्या वेळी जा. किती जणांना भरवावं लागतं आणि भरवणारे हात किती, ते मोजा. एका माणसाला नीट भरवायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दहा जणांना भरवायचं असेल आणि दोनच मावशा असतील तर हिशेब जमत नाही, मग घास मोठे होतात आणि ठसका लागतो. गिळायला त्रास असणाऱ्याला पातळ वरणात भाताची शितं हे मिश्रण धोक्याचं, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि शितं मागे राहतात. एकजीव मऊ भात, दाटसर पेज, कुस्करलेली खिचडी बरी. चिवडा, कोरडे पोहे, शेंगदाणे नकोत. आडवं झोपवून भरवणं तर अजिबात नको, आणि जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायला हवं. अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारात मृत्यूचं मोठं कारण आहे.

वजनाचं रजिस्टर मागा. दर महिन्याला वजन होत नसेल तर रुग्णाने खाल्लं की नाही हे कोणालाच माहीत नसतं. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ५० किलोच्या आजींचं अडीच किलो वजन महिन्यात उतरलं तर साडीत ते दिसत नाही, काट्यावर दिसतं.

औषधांचा तक्ता रुग्णागणिक वेगळा हवा आणि दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे सही हवी. झोपेची, शांत करणारी औषधं कोण लिहितं? मनोविकारतज्ज्ञ की फोनवरून कोणीतरी? क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. औषध कधीच द्यायचं नाही असा याचा अर्थ नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर कमी मात्रेत, थोडे दिवस, परत तपासण्याच्या बोलीवर ते दिलं जातं. पण नवीन औषध सुरू होताना घरच्यांना आधी कळलं पाहिजे, ही अट प्रवेशाच्या कागदात घालून घ्या.

बांधून ठेवण्याबद्दल स्पष्ट विचारा. ओढणीने, गॉजच्या पट्टीने मनगट पलंगाला बांधणं हे 'पडू नयेत म्हणून' सर्रास चालतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली, दुसरा कोणताच मार्ग नसताना आणि तातडीची इजा टाळण्यापुरतंच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून रुग्णाला आवरता येतं, आणि नामनिर्दिष्ट प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. भेटीत मनगटं आणि घोटे नजरेखालून घाला.

पैसे

सांगितलेला आकडा आणि महिन्याचं बिल यांत अंतर असतं. अंदाज घ्यायचा असेल तर तुमच्या रुग्णासारख्या एखाद्याचं मागच्या महिन्याचं बिल, नाव झाकून, दाखवायला सांगा. डायपर, हातमोजे, औषधं, डॉक्टरांची भेट, फिजिओ, केस कापणं, रुग्णवाहिका, दवाखान्यात बरोबर बसणारी मावशी हे बहुधा वेगळं असतं. दिवसाला चार डायपर धरले तर महिन्याला १२०, आणि चाळीस रुपयाला एक पकडला तरी ४,८०० रुपये नुसते त्याचेच. रुग्ण इस्पितळात असताना खाट राखून ठेवायचे पैसे पूर्ण लागतात की अर्धे? अवस्था वाढली की दर कोण ठरवणार आणि किती दिवस आधी सांगणार? डिपॉझिट परत मिळायला किती दिवस, आणि पहिल्याच महिन्यात रुग्ण गेला किंवा रमला नाही तर काय? या चार ओळी करारात नसतील तर हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्या. जीएसटी धरून आकडा आहे का तेही विचारा. धर्मादाय नोंदणीच्या वृद्धाश्रमांना माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर सूट आहे, खासगी केंद्रांचं तसं नाही.

आरोग्य विम्यावर विसंबू नका. पॉलिसीत वगळलेल्या बाबींच्या यादीत विश्रांती, पुनर्वसन आणि नुसती देखभाल अशी एक ठरीव नोंद असते. आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं यासाठी केंद्रात राहण्याचा खर्च त्यात अडकतो. इस्पितळात भरती झाल्यावरच विमा उपयोगी, म्हणून कार्डाची प्रत केंद्राच्या फाईलला लावून ठेवा. प्राप्तिकरात, जुन्या करप्रणालीत, कलम ८०डीडीबी खाली ज्येष्ठ नागरिकाच्या डिमेन्शियावरील उपचारखर्चासाठी वर्षाला एक लाखापर्यंतची वजावट मिळत आली आहे. त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचं आणि मेंदूविकारतज्ज्ञाचं पत्र लागतं.

सही करता येते तोवर करायची कागदपत्रं

इथे घरोघरी उशीर होतो. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून लोक निर्धास्त असतात, पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच ते चालत नाही. पुढे मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं, त्यात महिने जातात आणि तोवर केंद्राचे पैसे मुलांच्या खिशातून. म्हणून निदान झाल्याबरोबर, समज शाबूत असताना, खाती दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशी संयुक्त करा, नामांकनं तपासा, इच्छापत्र करा आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं क्षमतेचं पत्र जोडा.

मानसिक आरोग्य कायद्याखाली नामनिर्दिष्ट प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठ्याने नेमता येतो. तीन भावंडं असतील तर एकाचंच नाव द्या आणि केंद्राशीही तोच बोलेल असं ठरवा. व्हॉट्सॲपवर तिघांनी तीन सूचना दिल्या की सिस्टर कोणाचीच ऐकत नाही. शेवटच्या काळात व्हेंटिलेटर हवा की नको याचं आगाऊ निर्देशपत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली.

निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला लक्षात ठेवा. म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्राला लागत नाहीत, चेहरा ओळखून मोबाईलवर होणारा जीवन प्रमाण सोपा पडतो. ज्याच्या मोबाईलवर हे करायचं त्याने नोव्हेंबरात एक फेरी ठरवून ठेवावी.

अवघड वाटतं, पण प्रवेशाच्याच दिवशी विचारायचा प्रश्न: रात्री मृत्यू झाला तर दाखला कोण देतं? स्मशानात मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. केंद्राचे डॉक्टर नियमित तपासत असतील तर ते देतात. नुसते कागदोपत्री असतील तर रात्री तीनला धावपळ होते, आणि मुलं परदेशात असतील तर शीतपेटी, सही कोणाची, यावरून गोंधळ. स्थानिक नातेवाईक कोण, हे नाव फाईलमध्ये हवं.

नेऊन सोडताना

जे केंद्र फोनवरच 'उद्या आणा' म्हणतं, ते टाळा. नीट चालणारं केंद्र आधी घरी येऊन किंवा व्हिडिओवर रुग्ण बघतं, रिपोर्ट मागतं आणि कधी कधी नाही म्हणतं. शक्य असेल तर आधी पंधरा दिवस ते महिनाभर तात्पुरतं ठेवून बघा.

बरोबर दोन पानांची माहिती द्या, रिपोर्टांइतकीच ती कामाची असते. हाक कशी मारलेली आवडते (ताई, मॅडम, गुरुजी, अण्णा), चहा साखरेचा की बिनसाखरेचा, देवपूजा किती वाजता, झोप उजव्या कुशीवर की डाव्या, कशाची भीती, कोणतं गाणं लागलं की पाय हलतो. एसटीत वाहक म्हणून तीस वर्षं काढलेले आजोबा पहाटे चारला उठून पिशवी भरणारच. हे लिहिलेलं असेल तर त्यांच्या हातात पिशवी आणि चहा मिळतो, नसेल तर गोळी. घरची गोधडी, ओळखीची वाटी-भांडं, मोठ्या छपाईचे जुने फोटो न्या. सोन्याच्या बांगड्या, अंगठ्या घरी काढून ठेवा. कवळी, चष्मा आणि कानाचं यंत्र यांवर नाव घाला, केंद्रांत सगळ्यांत जास्त हरवतात त्या याच तीन वस्तू.

सकाळी, पोट भरलेलं असताना न्या. निरोप लांबवू नका. जेवणाची ताटं लागली की निघा. पहिले पंधरा दिवस भेटूच नका असं काही केंद्रं सांगतात. मला हे सरसकट पटत नाही. छोट्या, दुपारच्या भेटी चालतात, संध्याकाळची भेट मात्र टाळावी. रुळायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळातलं रडणं, चिडणं, थोडं वजन उतरणं यावरून केंद्र वाईट ठरवू नये. भेटीची वेळ रविवारी चार ते सहाच, आणि खोलीत जायचं नाही, हॉलमध्येच भेटायचं, असा नियम असेल तर तो मात्र खटकला पाहिजे.

नंतरच्या भेटींत गप्पांबरोबर शरीरही बघा: टाचा, माकडहाड आणि खुबे लाल आहेत का, नखं वाढलीत का, तोंडाला वास येतो का, जीभ कोरडी आहे का. झोपून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते आणि त्याचा तक्ता पलंगापाशी हवा. तक्त्यावर आजच्या रात्री बाराची सही दुपारीच झालेली असेल तर सगळे तक्ते तसेच समजा. दोन महिन्यांत दोनदा न सांगितलेलं पडणं, नवी जखम, न विचारता बदललेलं औषध किंवा नेहमीची मावशी-सिस्टर पुन्हा पुन्हा बदलणं दिसलं तर तक्रार आधी लेखी, मालकाला. आठवड्यात फरक नसेल तर दुसरं केंद्र शोधायला लागा. अगदीच छळाचं काही असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाईन आहे. केंद्र बदलायचं ठरलं तर करारातली नोटीस द्या, पण ती देण्याआधी औषधांचा तक्ता, वजनाचं रजिस्टर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदींचे फोटो काढून घ्या. नोटीस गेल्यावर फाईल लवकर सापडत नाही.